लूपच्या आतला लूप: डेस्कटॉपवरच्या खोळंबलेल्या इनपुटचा इतिहास

डेस्कटॉप प्रोग्राम इव्हेंट लूपवर चालतो. दाबलेली कळ किंवा माउसची क्लिक आधी रांगेत जाते. लूप एकेक इव्हेंट उचलून संबंधित फंक्शनकडे सोपवतो. ते फंक्शन संपेपर्यंत पुढच्या इव्हेंटला थांबावे लागते. फंक्शनला मध्येच वापरकर्त्याचे उत्तर हवे असेल, तर त्याच्या पोटात दुसरा लूप चालवण्याची सोय पहिल्यापासून रूढ झाली. रांग मात्र दोन्ही लूपची एकच राहिली. त्यामुळे खोळंबलेले इनपुट कोणी उचलायचे, हा प्रश्न उभा राहिला.

1984 च्या मॅकिंटॉशमध्ये मेनू उघडला की माउसचे बटण सुटेपर्यंत ताबा टूलबॉक्सकडे, म्हणजे मॅकिंटॉशच्या तयार सिस्टिम फंक्शनांच्या संचाकडे असे. डायलॉग दाखवणारे ‘मोडलडायलॉग’ स्वतःच इव्हेंट उचले. रांगेत साधारणपणे 20 इव्हेंट मावत. रांग भरली की सर्वांत जुना इव्हेंट टाकून दिला जाई. शिळे इव्हेंट काढून टाकण्यासाठी ‘फ्लशइव्हेंट्स’ होते.

1985 मध्ये आलेल्या विंडोजने मोडल डायलॉगला स्वतःचा मेसेज लूप दिला. डायलॉग उघडा असेपर्यंत मूळ विंडो निष्क्रिय केली जाई, म्हणजे तिच्यावरच्या क्लिकने काही घडत नसे. प्रोग्राम बंद करण्याचा मेसेज आतल्या लूपने उचलला, तर बाहेरच्या लूपला त्याचा पत्ताच लागत नाही आणि विंडो गेल्यावरही प्रोग्राम मागे चालत राहतो. म्हणून आतल्या लूपने तो मेसेज रांगेत पुन्हा टाकावा, असा नियम पडला.

1991 च्या व्हिज्युअल बेसिकमधल्या ‘डूइव्हेंट्स’मुळे लांबलचक कामाच्या मध्ये खोळंबलेले इव्हेंट निकाली काढणे एका ओळीचे काम झाले, आणि धोकाही वाढला. समजा, ‘जतन करा’ बटणामागचे काम चालू असताना वापरकर्त्याने तेच बटण पुन्हा दाबले. मग पहिले काम अर्धवट असतानाच तेच फंक्शन नव्याने सुरू होते, आणि दुसरी फेरी संपल्याशिवाय पहिली पुढे सरकत नाही. म्हणून काम सुरू होताच बटण निष्क्रिय करण्याची सवय प्रोग्रामरांनी लावून घेतली.

पुढच्या टूलकिटांनी हे नियम आपल्या रचनेतच घेतले. क्यूटीच्या ‘प्रोसेसइव्हेंट्स’ला वापरकर्त्याचे इनपुट वगळायला सांगता येते, ते फेकले जात नाही, पुढच्या साध्या फेरीसाठी रांगेत राहते. ‘डिलीटलेटर’ने हटवायची वस्तू आतला लूप चालू असताना नष्ट होत नाही, ज्या पातळीवरून विनंती आली, त्या पातळीचा लूप पुन्हा हाती येईपर्यंत ती टिकते. त्यामुळे परतणाऱ्या फंक्शनच्या पायाखालची जमीन सरकत नाही.

मात्र खात्रीचा उपाय आतला लूप टाळण्यातच सापडला. डायलॉग दाखवून फंक्शनने लगेच परतायचे आणि उत्तर आल्यावर वेगळे फंक्शन चालवायचे, ही पद्धत रुजली. 2020 मध्ये जीटीके 4 या टूलकिटने ‘जीटीके डायलॉग रन’ हे थांबून राहणारे फंक्शनच काढून टाकले. एकच लूप सगळे इव्हेंट वाटू लागला, की कोणते इनपुट कुठल्या लूपच्या हाती लागले हा पेच उरत नाही.