तारांखालची गावं

आजी इंधनाच्या गोष्टी सांगायची त्या चुलीपासून. लग्न होऊन ती उलव्याच्या खाडीकाठी आली तेव्हा घरातलं जळण म्हणजे शेणी, टेकडीवरच्या काटक्या आणि खाजणातलं तिवर. पावसाआधी हे सगळं माळ्यावर चढलं पाहिजे, नाहीतर श्रावणात चूल रडते, असं ती म्हणायची. दिव्याला उंडीचं किंवा करंजाचं तेल, आणि हाती पैसा असला तर घासलेट. यातलं घासलेट तेवढं विकतचं, बाकी सगळं गावचं. दुसऱ्या महायुद्धात घासलेट मिळेनासं झालं तेव्हा तिच्या सासूने पोरांना पुन्हा उंडीच्या बिया वेचायला धाडलं होतं. “आमचं काय अडलं नाय,” हे सांगताना आजीची मान ताठ व्हायची.

कोळसा की पाणी, वायू की सूर्य, हे बाजाराने ठरवावं की सरकारने, हा वाद मी पुढे पुस्तकांतून वाचला. दोन्ही बाजू हुशारीने मांडलेल्या असतात. पण वाचताना मला सारखं आजोळ आठवे आणि वाटे, या पंगतीत ज्याच्या शेतावरून तार गेली त्याचं पानच मांडलेलं नाही.

आजोबा मिठागरावर राबत आणि हंगामात मिठाच्या मचव्याबरोबर मुंबईला जात. गिरणगावाचं वर्णन करताना ते हमखास सांगत, “घाटाच्या पान्यावर चालते गिरण.” ते खरंच होतं. मुंबईच्या गिरण्या आधी वाफेवर चालत, आणि त्यासाठीचा कोळसा बंगालमधून आगगाडीने किंवा परदेशातून बोटीने येई. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी उभी राहिली. लोणावळा, वळवण आणि शिरोता इथल्या तलावांचं पाणी घाटावरून ५०० मीटरहून अधिक खाली सोडून १९१५मध्ये खोपोलीला वीज निघू लागली. भांडवल देशी, त्यात संस्थानिकांचाही मोठा वाटा. सरकारने कोळसा सोडा असा हुकूम काढला नव्हता. पाण्याची वीज गिरणीमालकांना परवडली म्हणून त्यांनी ती घेतली. बाजाराने चांगलं इंधन निवडल्याचं याहून सुंदर उदाहरण महाराष्ट्रात शोधावं लागेल, असं मला आजही वाटतं.

पण हीच गोष्ट मुळशीला पोचते तेव्हा तिचा रंग बदलतो. भिवपुरीचं केंद्र १९२२ साली सुरू झालं आणि पुढचं भिऱ्याला व्हायचं होतं. त्यासाठी मुळशीला धरण, आणि धरणाखाली ५०च्या आसपास गावं. १९२१च्या रामनवमीला मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पुढे सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. जमीन बाजारभावाने विकत घ्यायची तर मालकाची राजी लागते, आणि मावळे राजी नव्हते. मग १८९४चा भूसंपादन कायदा कंपनीच्या कामी आला. गोऱ्या सरकारने जमीन काढून दिली, भिरा १९२७ला चालू झालं. या पहिल्या मोठ्या निवडीत बाजार आणि सरकार एकाच बाजूला उभे होते. समोर होते मावळे.

आमच्या भातखाचरांवरून गेलेले उच्चदाबाचे मनोरे ही आजीच्या गोष्टींतली नेहमीची पात्रं. पावसाळ्यात तारा गुणगुणत, मनोऱ्याच्या पायथ्याशी नांगर फिरत नसे, आणि त्या तारांखालच्या घरात रात्री चिमणी जळे. वीज डोक्यावरून मुंबईला जाई. आजीला याचा राग नव्हता, नवल होतं. राग मला येतो.

घरात वीज आली ती १९६० साली स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाची. तीस-चाळीस उंबऱ्यांच्या पाड्याला खांब रोवून तार ओढणं कुठल्याच कंपनीच्या हिशेबात बसलं नसतं. मंडळ नफ्यासाठी नव्हतं, म्हणूनच ते घडलं. पहिल्या दिवशी आजोबांनी बल्ब रात्रभर विझवू दिला नाही, हे मामा अजून सांगतात. मंडळाच्या नावाने आज बोटं मोडणाऱ्यांनी एवढं एक काम त्याच्या खात्यावर जमा धरावं.

सरकारने दर बांधून दिला की काय होतं, तेही या घराने पाहिलं आहे. रेशनवर निळं रॉकेल मिळे. स्वस्त होतं आणि त्याने गरिबाची चूल पेटली, हे खरं. पण स्वस्त रॉकेल आणि महाग डिझेल यांच्या दरांत जेवढी फट, तेवढी चोरांची सोय. टँकर रेशन दुकानाऐवजी भेसळवाल्यांकडे वळू लागले. २५ जानेवारी २०११ला मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळ पकडताना जिवंत जाळण्यात आलं. ती बातमी आली त्या संध्याकाळी मामींनी टीव्ही बंद केला होता. अनुदान माणसाच्या हाती देण्याऐवजी वस्तूच्या दरात मिसळलं की ते माणसापर्यंत पोचण्याआधी झिरपतं, हे सरकारला समजायला बरीच वर्षं गेली. सिलिंडरचं अनुदान बँक खात्यात जमा करण्याची पद्धत देशभर लागू झाली ती २०१५मध्ये.

मामा तरुणपणी उरणच्या वायू विद्युत केंद्रावर कंत्राटी मजूर होते. उलव्याच्या टेकडीवर चढलं की रात्री उरणच्या बाजूला वायू जाळण्याच्या ज्योतीचा लालसर उजेड दिसे. त्याचंच कौतुक सांगत ते आम्हा पोरांना वर नेत. १९७४ साली बॉम्बे हायला तेल लागलं, तिथला वायू उरणला किनाऱ्यावर आला आणि १९८२पासून त्यावर वीज होऊ लागली. केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट. दाराशी वायू, दाराशी केंद्र, तरी संच कितीतरी वेळा अर्धेच चालत, कारण देशातला वायू कुणाला किती हे दिल्ली ठरवते. खतकारखाने, शहरांतला पाइपचा गॅस, वाहनांचा सीएनजी अशी रांग असते आणि वीज त्यात मागे पडते. मामांना हा अन्याय वाटे. मला तसं वाटत नाही. मर्यादित वायू स्वयंपाकघराला आणि रिक्षाला आधी मिळावा, मुंबईची हवा त्याने सुधारते, ही निवड मी सरकारच्याच बाजूने करीन. फक्त ती निवड कशी केली, कुणी केली, हे उरणच्या कामगाराला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं.

एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाबद्दल मात्र मी शांतपणे लिहू शकत नाही. आमच्या घरात त्यावरून दोन तट होते. मोठे मामा म्हणत, सरकारी मंडळ बुडालंय, आता परदेशी कंपनी येऊन शिस्त लावेल. धाकटे म्हणत, हा कोकणाचा सौदा आहे. १९९१नंतर खुल्या बाजाराची हवा होती, आणि २० जून १९९२ला मंडळाने एन्रॉनशी सामंजस्य करार केला, कंपनीचे लोक मुंबईत उतरल्यापासून काही दिवसांतच. याला बाजार कसं म्हणायचं? निविदा निघाली नाही, दुसरा कुणी दर सांगायला आला नाही. वीज घेतली नाही तरी क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचे, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची. १९९३मध्ये जागतिक बँकेने कर्जाला नकार दिला. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेचे गिरीश संत आणि सुबोध वागळे यांनी आकडे मांडून धोका दाखवला. ऑगस्ट १९९५मध्ये युती सरकारने करार रद्द केला आणि पुढे पुन्हा वाटाघाटी करून, आधीपेक्षा मोठा प्रकल्प मान्य केला. दोन टप्पे मिळून २,१८४ मेगावॉट. या काळात १९९७ साली प्रकल्पाशेजारच्या वेलदूरच्या कोळीवाड्यात पोलीस शिरले आणि बायकांना मारहाण करून धरून नेलं. आजी तेव्हा होती. तिने एवढंच विचारलं, “त्यांच्या खाडीत मासली ऱ्हाईल का?” कराराच्या जाडजूड कागदांत या प्रश्नाला जागा नव्हती.

मे १९९९मध्ये पहिला टप्पा नाफ्थावर सुरू झाला. नाफ्था महाग, रुपया घसरता, देणं डॉलरशी बांधलेलं. पुढे युनिटचा दर ७ रुपयांच्याही वर गेला. २००१मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं, माधव गोडबोले समितीने कराराची चिरफाड केली, आणि त्याच डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेतच दिवाळखोर झाली. इंधन निवडणाऱ्याने चूक केली आणि तिची किंमत महाराष्ट्राच्या ग्राहकाने मोजली. बाजारात चुकणारा स्वतः बुडतो, हे बाजाराचं बळ. सरकारात चुकणाऱ्याला मतदार घरी बसवतो, हे लोकशाहीचं बळ. दाभोळला दोन्ही बळं बाजूला ठेवून कागद केला गेला होता.

यातून आपण काही शिकलो, हे मला मान्य करायला आवडतं. १९९९ साली राज्य वीज नियामक आयोग आला, दर जाहीर सुनावणीत ठरू लागले. २००३च्या वीज कायद्यानंतर मंडळाचे २००५मध्ये तुकडे झाले आणि महावितरण वेगळं निघालं. सौर विजेसाठी उघड बोली लावण्याची रीत पडली, आणि मे २०१७मध्ये राजस्थानात भडल्याला २ रुपये ४४ पैसे दर निघाला. २०२४मध्ये महाराष्ट्राने शेतीपंपांसाठी ९,००० मेगावॉटहून अधिक सौर वीज ३ रुपयांच्या आसपास ठरवून घेतली. इथे काय हवं ते सरकारने ठरवलं आणि केवढ्याला ते स्पर्धेने. दाभोळला नेमकी हीच वाटणी नव्हती.

आता हा प्रश्न उलव्याच्या मीटरपर्यंत आला आहे. माझा मामेभाऊ वीजवितरणात कंत्राटी वायरमन आहे. जानेवारी २०२३मध्ये राज्यातले वीज कर्मचारी संपावर गेले तेव्हा तोही कामावर गेला नाही. कारण होतं, अदानींच्या कंपनीने भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यात समांतर वितरण परवान्यासाठी केलेला अर्ज. ४ जानेवारीला तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी चर्चा झाली आणि संप त्याच दिवशी मागे घेतला गेला. नव्या उलव्यातल्या आमच्या सोसायटीत बहुतेकांना समांतर परवाना हवा आहे. दोन कंपन्या असतील तर दर उतरेल, लाइट गेली तर कुणी तरी धावत येईल. त्यांचं म्हणणं खोटं नाही. भिवंडीत २००७पासून टोरंटकडे वितरण गेलं आणि तिथली गळती खूपच कमी झाली, तक्रारी राहिल्या तरी.

पण वीज हा भाजीचा धंदा नाही. तळोज्याचे कारखाने आणि उलव्याच्या उंच इमारती भरभक्कम बिल वेळेवर भरतात. विदर्भातला शेतीपंप आणि खाडीकाठचं दोन खोल्यांचं घर याच पैशाच्या आधाराने स्वस्त वीज घेतात. चांगले ग्राहक नव्या कंपनीने उचलले की महावितरणकडे उरेल तो फक्त भार. मुंबईत हे घडून गेलं आहे. २००८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर टाटा उपनगरांत घरोघरी वीज विकू लागली, आणि २०१२मध्ये आयोगाला सांगावं लागलं की नवे ग्राहक घ्यायचे ते ३०० युनिटांच्या आतले घ्या. त्यावर अपिलंही झाली, पण आयोगाने धोका बरोबर ओळखला होता.

आजोळ आता नकाशावर नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जुनं उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी धरून दहा गावं उठली. टेकडी कापली, उलवे नदी वळवली, आणि ज्या तारांनी पिढ्यान्‌पिढ्या जागा सोडली नव्हती त्याही हलवल्या. खाजणातलं तिवर तोडायला उच्च न्यायालयाने २००५मध्ये बंदी घातली होती. विमानतळासाठी मात्र २०१०मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. मामी आता पुनर्वसनाच्या वसाहतीत राहतात, चौथ्या मजल्यावर.

मामेभाऊ आणि मी नियामक आयोगापुढे मांडायला एक हरकतपत्र लिहून ठेवलं आहे. सुनावणीत बोलायला वकील लागत नाही. समांतर परवान्याला सरसकट विरोध आम्ही केलेला नाही, याचं त्याच्या युनियनमधल्या काहींना वाईट वाटलं. पहिली मागणी अशी की नव्या कंपनीने पहिली वर्षं पुनर्वसन वसाहती, कोळीवाडे आणि पाडे यांनाच जोडण्या द्याव्यात, आणि त्यानंतर उंच इमारतींकडे यावं. दुसरी, मोठे ग्राहक गेल्याने महावितरणचं जे नुकसान होईल ते अधिभार लावून भरून निघावं आणि तो आकडा दरवर्षी छापला जावा. तिसरी मागणी मामींनी सांगितली, म्हणून ती सगळ्यांत लांब झाली आहे. वीज कायद्यातल्या तरतुदीने १८८५च्या तार कायद्याचे अधिकार मिळाले की मनोरा उभा करायला शेतकऱ्याची आगाऊ संमती लागत नाही. जून २०२४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मनोऱ्याखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला सुचवला आहे. मामींचं म्हणणं, पैसे नंतर बोला, आधी ग्रामसभेत या. मार्ग कुठून न्यायचा, दुसरा मार्ग आहे का, भुयारी तार टाकायचा खर्च किती, हे तिथे उघड सांगा, आणि सभेचा ठराव परवान्याच्या कागदांना जोडा. मामेभावाला ही अट टिकेल का याची शंका आहे. मी ती तशीच ठेवली आहे, आणि खाली मामींची सही घेतली आहे.