त्रेचाळीस फुटांवरून

१९७५ सालचा वसंत. तुम्ही लॉस एंजेलिसच्या वेस्टवूडमध्ये, युसीएलए विद्यापीठाच्या आवारात उभे आहात आणि जिकडंतिकडं एकच नाव ऐकू येतंय: जॉन वुडन. ३१ मार्चला त्यांच्या बास्केटबॉल संघानं सॅन दिएगोत केंटकीला हरवून दहावं राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं आणि त्याच सामन्यानं वुडन यांची कारकीर्द संपली. सगळं विद्यापीठ त्या आनंदात आहे. तुम्ही मात्र मोकळ्या मैदानाकडं चला.

तिथं मुली सॉफ्टबॉल खेळताहेत. युसीएलएच्या नावानं मुलींचा संघ उतरायचं हे पहिलंच वर्ष. प्रशिक्षक आहेत शॅरन बॅकस. त्या स्वतः शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या क्षेत्ररक्षक, कनेक्टिकटच्या रेबेस्टॉस ब्रेकेट्स संघाकडून खेळलेल्या. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीचा तो संघ. कॉलेजांनी दार उघडण्याआधी बायकांचा चांगला सॉफ्टबॉल असाच जगला, कंपन्यांच्या आणि गावोगावच्या क्लबांच्या आधारानं. सेंटर फील्डला धावणारी ती मुलगी सू एन्क्विस्ट. सॅन क्लेमेंटे या समुद्रकाठच्या गावची, लाटांवर सर्फिंग करणारी. हिला नीट पाहून ठेवा. ही या मैदानावरून पुढची तीस वर्षं फारशी लांब जाणार नाही.

हे सगळं आत्ताच का सुरू झालं, हे समजायला २३ जून १९७२ ही तारीख लागते. त्या दिवशी अध्यक्ष निक्सन यांनी ज्या शिक्षणविषयक कायद्यावर सही केली, त्यात ‘टायटल नाइन’ नावाचं एक कलम होतं. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष भेद चालणार नाही, एवढंच ते सांगत होतं. खेळाचा त्यात उल्लेखही नव्हता. पण खेळ हा शिक्षणाचाच भाग, म्हणून मैदानंही त्याच्या कक्षेत आली.

पण कायद्याला सगळं श्रेय देऊन मोकळे होऊ नका. त्यासाठी १९६९च्या ओमाहात चला. नेब्रास्का राज्यातल्या या शहरात मुलींच्या कॉलेज सॉफ्टबॉलची पहिली वर्ल्ड सिरीज भरली आहे. कायद्याला अजून तीन वर्षं अवकाश आहे. आणि पहिली विजेती कोण? वाहू नावाच्या छोट्या गावातलं जॉन एफ. केनेडी कॉलेज. त्यांनी १९६९, ७० आणि ७१ अशी सलग तीन वर्षं ही स्पर्धा जिंकली. १९७५मध्ये, म्हणजे युसीएलएचा संघ सुरू झाला त्याच वर्षी, ते कॉलेजच बंद पडलं. कॉलेज गेलं तरी त्या मुलींची तीन अजिंक्यपदं इतिहासात आहेत, आणि युसीएलएची गोष्ट सांगताना वाहूचं नाव आधी घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडं याच काळात, १९७३च्या एप्रिलमध्ये, पुण्यात महिला क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. परवानगीची वाट न बघता खेळायला उभ्या राहिलेल्या मुली जगात एकाच ठिकाणी नव्हत्या.

१९७८ साली पुन्हा ओमाहात या. यंदा युसीएलए जिंकतंय आणि चौथ्या वर्षाची एन्क्विस्ट विजेत्या संघात आहे. स्पर्धा भरवली आहे एआयएडब्ल्यूनं, म्हणजे मुलींच्या कॉलेज खेळांसाठी मुख्यतः स्त्रियांनीच चालवलेल्या संघटनेनं. चार वर्षांनी ही संघटना उरणार नाही. मुलांच्या स्पर्धा भरवणारी बलाढ्य एनसीएए १९८१-८२च्या हंगामात मुलींच्या स्पर्धाही घ्यायला लागते आणि एआयएडब्ल्यूचा कारभार आटोपतो.

तिथं पोचण्याआधी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोत थोडं थांबू. सत्तरच्या दशकाची सुरुवात आहे. दहा वर्षांची एक मुलगी भावाबरोबर चेंडू फेकाफेकी करतेय. तिचा हात बघून मुलांच्या लिटल लीगचा एक प्रशिक्षक थांबतो. आमच्या संघात ये, म्हणतो. पण केस बारीक कापावे लागतील आणि तुझं नाव सगळ्यांना ‘बॉब’ असं सांगावं लागेल. तुम्ही तिचा चेहरा बघा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला संघात बोलावलंय, आणि तेही ती मुलगी नाही असं भासवायच्या अटीवर. ती नाही म्हणते. त्याच दिवशी शेजारच्या मैदानावर सराव करणाऱ्या बायका तिला हाक मारतात. तेराव्या वर्षी ती बायकांच्या सर्वोच्च फास्टपिच स्पर्धेतली सगळ्यात लहान खेळाडू होते. ती डॉट रिचर्डसन. १९८२मध्ये ती युसीएलएची शॉर्टस्टॉप आहे.

१९८२ची ओमाहाची फायनल ही एनसीएएची पहिली. समोर फ्रेस्नो स्टेट. ठरलेले सात डाव संपले तरी कुणाचीच धाव नाही. आठव्या डावात युसीएलए दोन धावा काढतं आणि जिंकतं. क्रिकेटच्या धावसंख्येची सवय असलेल्या तुम्हाला हे विचित्र वाटेल, पण त्या काळचा सॉफ्टबॉल असाच होता. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, फक्त चाळीस फुटांवर. संघात सहा फुटांहून उंच डेबी डूम. ती हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू सोडायची, आणि एवढ्या जवळून आलेल्या चेंडूला बॅट लावणं हेच मोठं काम असायचं. १९८४ची फायनल तर तेरा डाव चालली आणि टेक्सस ए अँड एमला युसीएलएनं हरवलं ते एका धावेनं. तुम्ही त्या बाकावर बसून बघा: डावामागून डाव कोरे, प्रत्येक जण पुढच्या चेंडूत काहीतरी घडेल या आशेवर. १९८५लाही अजिंक्यपद, नेब्रास्काविरुद्ध, नऊ डावांत. १९८८च्या सुमाराला पिचर तीन फूट मागं गेली, चाळीसाचे त्रेचाळीस फूट झाले, आणि बॅट करणाऱ्यांना जरा श्वास मिळाला. पण त्याच सुमाराला लॉस एंजेलिसच्या उपनगरात एक पिचर तयार होत होती, तिच्यापुढं ते तीन फूट कामाचे नव्हते.

लिसा फर्नांडेस. वडील क्यूबातून आलेले, आई प्वेर्तो रिकोची. आठव्या वर्षी ती पहिला सामना टाकायला उभी राहिली आणि तिचा संघ २८-० असा हरला. बारा वर्षांची असताना एका प्रशिक्षकानं तिला सांगितलं, तुझे हात आखूड आहेत, तू मोठी पिचर होणार नाहीस.

आता १९९२. तुम्ही बॅट घ्या आणि तिच्यासमोर उभे राहा. बॅट उंच करा, पाय जरा वाकवा. समोर ती, आणि तुमच्यामध्ये १३ मीटरच्या आसपास अंतर. क्रिकेटची खेळपट्टी यष्टीपासून यष्टीपर्यंत सहासष्ट फूट असते, हे अंतर त्याच्या दोन तृतीयांश. ती हात वर नेते, तो पूर्ण फिरून कमरेपाशी येतो, मनगट झटकतं. चेंडू मोठा आहे, बारा इंच घेराचा, दिसायला सोपा वाटतो. पण ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं तो तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तेवढ्यात ठरवायचं, मारायचा की सोडायचा. तुम्ही बॅट फिरवता तेव्हा तो कॅचरच्या मिटमध्ये गेलेला असतो. मागं बसलेली कॅचर आहे केली इनोये. तिचंही नाव लक्षात ठेवा.

त्या वर्षी युसीएलए ५४ सामने जिंकतं, फक्त दोन हरतं, आणि फायनलमध्ये अ‍ॅरिझोनाला २-० असं नमवतं. लिसाची चार वर्षांची कॉलेजची बेरीज: ९३ विजय, ७ पराभव. आणि तिचा सगळ्यात अद्भुत हंगाम पुढचा, १९९३चा. फलंदाजीत सरासरी .५१०, पिचर म्हणून दर सात डावांमागं फक्त ०.२५ धावा. देशभरातल्या मुलींमध्ये दोन्ही यादींत पहिली. तिला त्या वर्षीची सर्वोत्तम महिला कॉलेज खेळाडू म्हणून होंडा-ब्रॉडरिक कप मिळतो. आणि फायनल? अ‍ॅरिझोनाकडून ०-१ अशी हार. ओक्लाहोमा सिटीत तिच्याजवळ उभे राहिलात तर तुम्हालाही ते पटणार नाही. एवढं सगळं करूनही शेवटचा सामना एका धावेनं जाऊ शकतो, हा या खेळाचा निर्दय भाग आहे आणि त्याचा मोठेपणाही मला तिथंच दिसतो.

१९९४ला आवारातच ईस्टन स्टेडियम उभं राहतं. एकोणीस वर्षांनी संघाला स्वतःचं घर मिळतं.

१९९५. इथून घाईनं पुढं जावंसं वाटेल, पण थांबायला हवं. हंगाम सुरू असताना ऑस्ट्रेलियाहून टान्या हार्डिंग नावाची पिचर येते, १७ सामने जिंकते, एक हरते, युसीएलएला अजिंक्यपद मिळवून देते आणि मायदेशी परतते. गाजावाजा खूप होतो. पण पुढं एनसीएएच्या चौकशीत वेगळी गोष्ट निघते: विद्यापीठानं सॉफ्टबॉल खेळाडूंना मर्यादेपेक्षा जास्त शिष्यवृत्त्या दिल्या होत्या. १९९५चं अजिंक्यपद रद्द होतं. आजही विजेत्यांच्या यादीत त्या ओळीवर युसीएलएचं नाव नाही. घाम गाळला मैदानावरच्या मुलींनी, आणि हिशेब चुकवला तो त्यांच्या नावावर निर्णय घेणाऱ्यांनी. हे वर्ष झाकून संघाचा गौरव सांगता येत नाही.

पुढची उडी ३० जुलै १९९६ची, जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसची. सॉफ्टबॉल पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आला आहे. फायनल अमेरिका आणि चीनची. अमेरिकेच्या संघात लिसा आहे, पहिल्या बेसवर शीला कॉर्नेल, आणि शॉर्टस्टॉपला डॉट रिचर्डसन. तिघी युसीएलएच्या. डॉट आता चौतीस वर्षांची, हाडांची डॉक्टर होण्याच्या शिक्षणातून सुट्टी घेऊन आलेली. तिसऱ्या डावात ती उजव्या बाजूनं उंच फटका मारते. चेंडू फाऊल खांबाच्या आत की बाहेर यावर चिनी संघ कळवळून वाद घालतो. पंच होमरन देतात. अमेरिका ३-१ जिंकते. ‘बॉब’ व्हायला नकार देणारी ती दहा वर्षांची पोर स्वतःच्या नावानं सुवर्णपदक घेते.

१९९७मध्ये बॅकस थांबतात. सू एन्क्विस्ट १९८९पासून त्यांच्या बरोबरीच्या मुख्य प्रशिक्षक होत्याच, आता संघ पूर्णपणे त्यांच्याकडं येतो. १९९९, २००३, २००४ अशी आणखी तीन अजिंक्यपदं. २००७पासून मुख्य प्रशिक्षक आहेत केली इनोये-पेरेस, लिसाचे चेंडू झेलणारी तीच कॅचर. म्हणजे १९७५पासून या संघाला मुख्य प्रशिक्षक मिळाले ते तीनच. तिघीही स्त्रिया. दुसरी पहिलीच्या हाताखाली खेळलेली, तिसरी पहिल्या दोघींच्या. याचं मोल कळायला आजूबाजूला बघावं लागतं. १९७२च्या आधी अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेज संघांच्या प्रशिक्षकांत दहातल्या नऊ स्त्रिया होत्या. कायद्यानं पैसा आणि प्रतिष्ठा आणली, तशा त्या नोकऱ्यांवर पुरुष आले, आणि स्त्रियांचं प्रमाण निम्म्याच्या खाली घसरलं. या एका संघात मात्र हा वारसा बाईच्या हातातून बाईच्या हातात गेला. करंडक इतरांनीही जिंकले आहेत. मला या संघाकडं खेचणारी गोष्ट ही आहे.

२०१०चा जून घाईतच बघू: वुडन ४ जूनला वारतात, आणि चार दिवसांनी अ‍ॅरिझोनाला हरवून हा संघ अजिंक्यपद घरी आणतो. मग नऊ वर्षं काही नाही.

२०१९, ओक्लाहोमा सिटी. उपांत्य लढतीत समोर वॉशिंग्टन. पिचर रेचल गार्सिया, शाळेत असताना झालेल्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे कॉलेजचं पहिलं वर्ष बाहेर बसलेली. ती आज दहा डाव टाकते, १७९ चेंडू, १६ जणींना स्ट्राइकआउट करते. धावफलकावर दोन्हीकडं शून्य. दहाव्या डावाच्या उत्तरार्धात तीच बॅट घेऊन येते आणि तिचा फटका कुंपणापार जातो. तीन धावा. सामना तिनं टाकला आणि तिनंच संपवला. तुम्ही उभे राहून ओरडत असता, शेजारी कोण आहे हेही न बघता.

फायनलमध्ये ओक्लाहोमा, आणि स्टेडियम त्यांच्याच घरातलं. पहिला सामना युसीएलए १६-३ असा जिंकतं. ४ जूनच्या दुसऱ्या सामन्यात सातव्या डावापर्यंत ४-३ अशी आघाडी आहे. तेवढ्यात शे नायटनचा होमरन, ४-४, आणि अख्खं स्टेडियम हादरतं. उत्तरार्धात किन्सली वॉशिंग्टन डावीकडं चेंडू मारते, जॅकी प्रोबर दुसऱ्या बेसवरून जिवाच्या आकांतानं धावत घरी पोचते. ५-४. एनसीएएचं बारावं अजिंक्यपद. डगआउटमधून धावत निघालेल्यांत सहायक प्रशिक्षक लिसा फर्नांडेस आहेत, तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांच्या मानकरी.

एक उडी तुमच्या हातातली आहे. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं क्रीडाग्राम युसीएलएच्या आवारात असेल. क्रिकेट जवळच्या पोमोनात होईल. सॉफ्टबॉल मात्र ओक्लाहोमा सिटीत, रस्त्यानं दोन हजार किलोमीटरहून लांब, जिथं गार्सियानं तो फटका मारला त्याच मैदानावर. क्रिकेटसाठी तुम्ही जाणारच असाल, तर सॉफ्टबॉलचंही एक तिकीट काढा.