जो डाव खेळलाच नाही, तो मोजायचा कशाला?

आजच्या भागात एक नाणं आहे, एक अर्धवट राहिलेला डाव आहे आणि माझी एक चूक आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित भाग. गणिताला घाबरू नका, चारपर्यंत मोजता आलं की बहुतेक काम होतं. एका ठिकाणी सत्तावीसपर्यंत जाऊ, पण तिथे मी सोबत आहे.

आधी माझी चूक. गेल्या दिवाळीत मामाकडे गेलो होतो. मामेबहीण दहावीला, बीजगणितातलं संभाव्यतेचं प्रकरण घेऊन बसली होती. प्रश्न साधा होता: एक नाणं दोनदा टाकलं, तर निदान एकदा छापा मिळण्याची संभाव्यता किती? तिने उत्तर काढलं होतं २/३. वहीत तिचा विचारही नीट लिहिलेला होता. पहिल्यांदाच छापा आला, तर काम झालं. पहिल्यांदा काटा आणि मग छापा आला, तरी झालं. दोन्ही वेळा काटा आला, तर नाही. तीन शक्यता, त्यातल्या दोन आपल्या बाजूच्या. म्हणून २/३.

मी म्हटलं, "अगं, उत्तर पाऊण आहे. दोन्ही काटे यायची संभाव्यता १/४, ती एकातून वजा कर."

ती म्हणाली, "पण दादा, पहिल्यांदाच छापा आला तर परत नाणं टाकायचंच कशाला? जे टाकलंच नाही ते मोजायचं का?"

आणि मी काय म्हणालो? "पुस्तकात चार निष्पत्ती दिल्यात ना, मग चारच धरायच्या." तिने वही मिटली. म्हणाली, "जाऊ दे, मला गणितात डोकंच नाही."

ते वाक्य मला लागलं. कारण खरं सांगायचं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं. मी बीटेक केलंय, रोज कोड लिहून पोट भरतो, आणि 'निदान एकदा' असं दिसलं की एकातून वजा करायचं ही युक्ती मला पाठ आहे. पण युक्ती पाठ असणं वेगळं आणि कळणं वेगळं. घरी परत आल्यावर मी शोधाशोध केली, तेव्हा कळलं की तिने विचारलेला प्रश्न निदान साडेतीनशे वर्षं जुना आहे, आणि तो विचारणारी माणसं साधीसुधी नव्हती.

गोष्ट सुरू होते अर्धवट राहिलेल्या डावापासून. दोघांनी सारखे पैसे लावले, ठरावीक फेऱ्या जो आधी जिंकेल त्याला सगळे पैसे. डाव मध्येच मोडला. आता पैसे वाटायचे कसे? १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणिताच्या ग्रंथात लुका पाचोली याने हा प्रश्न घेतला आहे. खेळ ६० गुणांचा, प्रत्येक फेरीला १० गुण, आणि डाव मोडला तेव्हा एका बाजूचे ५० आणि दुसरीचे २०. पाचोली म्हणतो, पैसे ५ ला २ या प्रमाणात वाटा. म्हणजे जितके गुण कमावले तितका वाटा. ऐकायला रास्त वाटतं ना?

१५५६ मध्ये तार्ताल्या या दुसऱ्या इटालियन गणितज्ञाने त्यातली खोट दाखवली. समजा एकच फेरी झाली आणि डाव मोडला. गुण एकाचे १०, दुसऱ्याचे शून्य. पाचोलीच्या नियमाने पहिला सगळे पैसे घेऊन जाणार! एका फेरीवर? पण तार्ताल्याकडेही पक्कं उत्तर नव्हतं. त्याच्या मते हा प्रश्न गणितापेक्षा न्यायनिवाड्याचा जास्त होता.

दोघांचीही नजर झालेल्या खेळावर होती. नजर उरलेल्या खेळाकडे वळली ती १६५४ मध्ये. पॅरिसमध्ये ब्लेझ पास्कल, तुलूजमध्ये पिएर द फर्मा. फर्मा पेशाने न्यायालयातला माणूस, गणित त्याचा छंद. त्या उन्हाळ्यात दोघांची पत्रापत्री सुरू झाली. २९ जुलैच्या पत्रात पास्कलने एक उदाहरण घेतलंय: तीन फेऱ्या जिंकायच्या, प्रत्येकाने ३२ पिस्तोल, म्हणजे त्या काळची सोन्याची नाणी, लावली आहेत. पहिला दोन फेऱ्या जिंकलाय, दुसरा एक. आणि डाव मोडला.

आता नीट बघा. पहिल्याला एकच फेरी हवी, दुसऱ्याला लागोपाठ दोन. पुढची फेरी पहिल्याने जिंकली, की संपलं. हरला, तर अजून एक फेरी. फेरीच्या जागी नाणं आणि विजयाच्या जागी छापा ठेवा. हे माझ्या बहिणीचंच गणित आहे!

फर्माची रीत अशी: फार तर दोन फेऱ्यांत निकाल लागणार, तर दोन्ही फेऱ्या खेळल्या असं समजा. चार शक्यता होतात. पहिला–पहिला, पहिला–दुसरा, दुसरा–पहिला, दुसरा–दुसरा. चारांपैकी तिनांत पहिला जिंकतो. म्हणून ६४ पैकी ४८ त्याला आणि १६ दुसऱ्याला. पास्कल वेगळ्या वाटेने गेला, पण पोहोचला याच उत्तरावर.

मग आला बहिणीचा प्रश्न. पॅरिसमधला गणिताचा प्राध्यापक रोबर्व्हाल याने हरकत घेतली, आणि ती पास्कलने २४ ऑगस्टच्या पत्रात फर्माला कळवली. हरकत अशी, की खेळ आधीच संपू शकतो, मग न खेळलेल्या फेऱ्या मोजायच्या कशा? पास्कलचं उत्तर मला फार आवडलं. तो म्हणतो, निकाल लागल्यावरही दोघांनी उरलेल्या फेऱ्या खेळायचं ठरवलं, तर कोणाचं काही बिघडतं का? जिंकलेला जिंकलेलाच राहतो. मग त्या फेऱ्या धरून हिशेब केला तरी वाटा बदलत नाही. उलट त्या धरल्यामुळे सगळ्या शक्यता सारख्या वजनाच्या होतात.

सगळी मेख इथे आहे. 'पहिल्यांदाच छापा' ही एक ओळ दिसते, पण तिच्या पोटात दोन शक्यता आहेत: छापा–छापा आणि छापा–काटा. तिचं वजन १/२. 'काटा–छापा' आणि 'काटा–काटा' यांचं वजन प्रत्येकी १/४. बहिणीने तीन शक्यता बरोबर ओळखल्या, चुकलं ते तिन्ही एका मापाच्या धरल्या तिथे. तिच्याच रीतीने वजनं धरून बेरीज करा: १/२ अधिक १/४. पाऊणच येतं! दहावीच्या पुस्तकात 'समसंभाव्य' असा शब्द आहे, आपण तो वाचतो आणि पुढे जातो. तिथेच थांबायला हवं.

आणि थोरांचाही इथे पाय घसरलाय. त्याच पत्रात पास्कलने तीन खेळाडूंचा डाव घेतला: एकाला एक फेरी हवी, बाकीच्या दोघांना दोन-दोन. तीन फेऱ्यांच्या २७ शक्यता. काही शक्यतांमध्ये दोघांच्या फेऱ्या पुऱ्या होतात, तिथे पास्कलने अर्धं-अर्धं वाटलं, आणि आलं १६, साडेपाच, साडेपाच. फर्माने उत्तर पाठवलं, की आधी कोणाच्या पुऱ्या झाल्या ते बघा. बरोबर उत्तर १७, ५, ५.

याहून मोठी गंमत शंभर वर्षांनंतरची. फ्रान्समध्ये दिदरो आणि दालांबेर यांनी संपादित केलेला प्रसिद्ध विश्वकोश निघत होता. १७५४ च्या चौथ्या खंडात छापा-काट्यावर एक नोंद आहे, खुद्द दालांबेरची. दालांबेर म्हणजे युरोपातल्या पहिल्या रांगेतला गणितज्ञ. प्रश्न तोच: दोनदा नाणं टाकून निदान एकदा छापा. आणि तो लिहितो, पहिल्यांदा छापा आला की खेळ संपला, म्हणून शक्यता तीनच. म्हणजे २/३. ओळ अन् ओळ माझ्या बहिणीच्या वहीतली! पुढे १७५७ मध्ये जिनिव्हाच्या नेकर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाची हरकत आली, की या तीन शक्यता सारख्या नाहीत. दालांबेरने ती हरकत त्याच विश्वकोशात छापली, हा त्याचा मोठेपणा.

हे सगळं वाचून मी बहिणीला फोन केला. लॅपटॉपवर दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला होता, तो स्क्रीन शेअर करून दाखवला. त्यात नियम तिचाच ठेवला: छापा आला की थांब. लाख वेळा खेळ चालवला. 'पहिल्यांदाच छापा' पन्नास हजारांच्या आसपास, बाकीच्या दोन ओळी पंचवीस-पंचवीस हजारांच्या. ती बराच वेळ त्या तीन आकड्यांकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या शक्यता बरोबर होत्या, फक्त एक जाड होती."

याहून चांगलं मला सांगता आलं नसतं. मग मी तिला दालांबेरबद्दल सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: "मग त्याचे मार्क कोणी कापले?"

तेव्हा मंडळी, संभाव्यतेचं गणित सोडवताना भागाकार करण्याआधी एकदा विचारा: मी मोजलेल्या शक्यता सारख्या जाडीच्या आहेत का? नसतील तर दोन वाटा आहेत. फर्मासारखा खेळ शेवटपर्यंत खेळून बघा, नाहीतर प्रत्येक शक्यतेचं वजन धरून बेरीज करा. आणि घरात कोणी २/३ लिहून आणलं, तर "पुस्तकात असंच आहे" म्हणू नका. मी म्हटलं होतं, म्हणून सांगतोय.

भेटू पुढच्या भागात.