सेबास्तेचा माणूस

घोडबंदर रोड गायमुखचा घाट उतरून फाउंटन हॉटेलच्या नाक्याला मिळतो. तिथून वरसावे पूल ओलांडला की पलीकडे वसई. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घोडबंदरचा किल्ला 1737 मध्ये घेतला, वसईचा 1739 मध्ये. वसईच्या वेढ्याच्या हकिकतीत एका बुरुजाचे नाव पुनःपुन्हा येते: सेबॅस्टियन. त्याची कुळकथा थेट रोमच्या सम्राटापर्यंत जाते.

इ. स. पू. 27 मध्ये सेनेटने ऑक्टेव्हियनला 'ऑगस्टस' हा किताब दिला. पूर्वेकडच्या ग्रीक भाषक प्रांतांत त्याचे 'सेबास्तोस' झाले, म्हणजे पूज्य. सम्राटाची मर्जी राखायला मग गावांची बारशी नव्याने झाली. हेरोद राजाने समारियाचे सेबास्ते केले. आशिया मायनरमधले सेबास्तिया आज तुर्कस्तानात सिवास म्हणून नांदते आहे. पुण्याचा तो पुणेकर, तसा अशा गावचा माणूस लॅटिनमध्ये 'सेबास्तियानुस'.

डायोक्लेशनच्या काळात रोममध्ये याच नावाचा एक ख्रिस्ती हुतात्मा झाला. चित्रांत तो खांबाला बांधलेला, अंगभर बाण रुतलेला दिसतो. प्लेगच्या साथींत लोक त्यालाच साकडे घालत, आणि त्या भीतीने हे नाव युरोपभर घरोघरी पोचवले. स्पेनमध्ये सेबास्तियान, फ्रान्समध्ये बास्तियँ, पोर्तुगालमध्ये सेबास्तियांव.

20 जानेवारी 1554 ला, संताच्या सणादिवशीच, लिस्बनमध्ये राजपुत्र जन्मला. त्याचेही नाव हेच ठेवले. पुढे 1565 मध्ये रिओ दि जानेरो वसले ते या नावाच्या छायेत. वसईच्या बुरुजावरचा लेख मात्र फेब्रुवारी 1554 चा. लिस्बनहून बातमी यायला जहाजाला महिने लागत, तेव्हा बुरूज संताच्याच नावाचा, राजपुत्राच्या नव्हे, असे मी मानतो. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो सुरुंग लावून फोडला.

लोकांच्या तोंडी हे नाव झिजले, तेही सुंदर झिजले. गोव्यात त्याचे 'बोस्त्यांव' झाले. गळाले ते नेमके 'से', सम्राटाच्या पूज्यपणाचे पहिलेच अक्षर. उरला तो घरचा, शेजारचा माणूस. केरळात तर त्याचे 'देवस्या' झाले. तिथल्या अर्थुंकलच्या चर्चमध्ये शबरीमलाहून परतणारे अनेक अय्यप्पाभक्त याच संतापाशी गळ्यातली माळ उतरवतात.