अश्रूंची वाट

रडताना नाकही का वाहते? पापण्यांच्या कडांना, नाकाच्या बाजूला, वर एक व खाली एक अशी दोन बारीक छिद्रे असतात. त्यांतून अश्रू अश्रुपिशवीत आणि तेथून नळीने नाकात उतरतात. नळी तुंबली की डोळा पाझरत राहतो, पिशवीत पू साठतो. कधी नाकाशेजारी वाहती जखम होते.

पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने ही जखम कापून तापल्या लोखंडाने हाडापर्यंत डागायला सांगितले. अश्रू मेंदूतून पाझरतात, अशी समजूत पुढेही बराच काळ होती. १६६२ साली डेन्मार्कच्या निकोलस स्टेनोने प्राण्यांच्या डोक्यांचे विच्छेदन करून अश्रुग्रंथींच्या नलिका दाखवून दिल्या.

१७१३ साली फ्रेंच शल्यविशारद डोमिनिक आनेल याने ओळखले, की मूळ दोष जखमेत नसून तुंबलेल्या वाटेत आहे. त्याने छिद्रातून अतिबारीक सळई घातली, पिचकारीने नळी धुतली. डागणे टळले! पण वाट उघडतच नसेल तर? १९०४ साली इटलीच्या अद्देओ टोटीने मधल्या हाडाला भोक पाडून पिशवी थेट नाकात उघडली. आजची शस्त्रक्रिया याच तत्त्वावर चालते.

तान्ह्या बाळांत नळीच्या टोकाशी बहुधा पातळ पडदा राहिलेला असतो. तो बहुतेकदा वर्षभरात आपोआप उघडतो; डॉक्टरांकडून शिकून घेतलेल्या मालिशीची मदत होते. काजळाने मात्र ही वाट मोकळी होत नाही, हे आपण पालकांना जरूर सांगूया.