कोळशाच्या वायूची शुद्धता : दिव्यापासून इंधन घटापर्यंत

कोळशापासून मिळणाऱ्या वायूतील अशुद्धी आणि इंधन घट यांच्या संबंधाचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. 'अशुद्ध' हा वायूचा अंगभूत गुण मानला जातो. इतिहास पाहता मात्र तो वायू वापरणाऱ्या साधनावरून ठरत आला आहे.

मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले ते ऑक्टोबर 1865 मध्ये. बॉम्बे गॅस कंपनीचा हा वायू दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला असे. लालबागच्या 'गॅस कंपनी लेन'ने त्या उद्योगाचे नाव जपले आहे. डांबर व अमोनिया वेगळे केल्यावरही हायड्रोजन सल्फाइड उरे. त्या काळच्या वायुगृहांत त्यासाठी चुन्याचे किंवा लोह ऑक्साइडचे थर वापरीत. लेड ॲसिटेटचा ओला कागद काळा पडला नाही, की वायू शुद्ध समजला जाई. दिव्याला तेवढे पुरे होते.

घटाला ते पुरले नाही. विल्यम ग्रोव्ह यांचा वायू-घट कोळशाच्या वायूवर चालविण्याचा प्रयत्न लुडविग माँड आणि कार्ल लँगर यांनी 1889 मध्ये केला. कार्बन मोनॉक्साइडने प्लॅटिनमची क्रियाशीलता मंदावते, हे त्यांना आढळले. तो काढण्यासाठी त्यांनी वाफेसह वायू तप्त निकेलवरून नेला. 1890 मध्ये याच संशोधकांनी क्विंके यांच्यासह निकेल कार्बोनिल शोधले, हा योगायोग नव्हे.

पुढे नेर्न्स्ट यांनी दिव्याच्या तंतूसाठी योजलेले झिर्कोनिया-इट्रियाचे मिश्रण घेऊन बाउर व प्राइस यांनी 1937 मध्ये सुमारे 1000 अंश सेल्सिअसला चालणारा घन ऑक्साइड घट सिद्ध केला. येथे कार्बन मोनॉक्साइड विष राहिला नाही, तो इंधन झाला! शुद्धीकरणासाठी आलेले निकेल मात्र पुढे अशा घटांत इंधनाच्या बाजूचे विद्युत अग्र बनले आणि स्वतःच बाधित होऊ लागले. हायड्रोजन सल्फाइडचे दशलक्षात काही भागही व्होल्टेज घटवितात. वायू स्वच्छ केल्यावर ही हानी बहुतांशी भरून येते. फॉस्फरस व आर्सेनिक यांची बाधा अधिक गंभीर असते. ते निकेलशी संयोग पावून फॉस्फाइड व आर्सेनाइड बनवितात आणि ती हानी सहसा भरून येत नाही. दिव्याच्या हिशेबात या दोघांना स्थानच नव्हते.

सोलापूर जिल्ह्यात 2017 पासून एनटीपीसीचे औष्णिक केंद्र कोळसा जाळून वीज देत आहे. 2030 पर्यंत 10 कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. गोंडवन कोळशात राख भरपूर, पण गंधक सामान्यतः 1 टक्क्याहून कमी; म्हणून तो अशा वापरास सोयीचा, असे मानण्याकडे कल असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा निकष वायुगृहांच्या काळातला आहे. इंधन घटासाठी प्रत्येक खाणीच्या कोळशातील फॉस्फरस व आर्सेनिक, आणि वायूकरणानंतर त्यांतील किती अंश वायूत उतरतो, हे वेगळे मोजावे लागेल.