चला हवा येऊ द्या

झी मराठी वाहिनीवरचा विनोदी गप्पांचा कार्यक्रम. पहिला भाग १८ ऑगस्ट २०१४ रोजी दिसला. मूळ मालिका मार्च २०२४ मध्ये थांबली. लेखक, दिग्दर्शक आणि सूत्रसंचालक डॉ. नीलेश साबळे हे आयुर्वेदाचे पदवीधर. ‘महाराष्ट्राचा सुपरस्टार’ या स्पर्धेतून पुढे आलेले. भाऊ कदम, कुशल बद्रिके, सागर कारंडे, भारत गणेशपुरे आणि श्रेया बुगडे हे प्रमुख कलावंत. यांतल्या बहुतेकांचा हात ‘फू बाई फू’मध्ये बसला होता.

मुंबईत ताऱ्यांशी हसतखेळत बोलण्याची परंपरा जुनी आहे. वरळीच्या दूरदर्शन केंद्राचा, तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ १९७२ ते १९९३ चालला. २०१३ मध्ये कपिल शर्मा यांनी हिंदीत तोच बाज नव्याने रूढ केला. ‘हवा येऊ द्या’ला कपिलची मराठी नक्कल म्हणण्याची पद्धत आहे, पण ते अर्धेच खरे. कपिलकडे पाहुण्याला सतत बोलते ठेवतात. इथे त्याचे मुख्य काम समोर बसून आपलीच टिंगल बघण्याचे.

घटनास्थळ ‘थुकरटवाडी’ हे काल्पनिक गाव, सरपंच वऱ्हाडी बोलणारे गणेशपुरे. पाहुणे बहुधा नव्या चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या जाहिरातीला येत. प्रसारण सोमवार-मंगळवारी रात्री साडेनऊला, म्हणजे शुक्रवारी लागणाऱ्या चित्रपटाला अगदी मोक्याचे. जाहिरातीला फारसा पैसा नसलेल्या मराठी निर्मात्याला याहून मोठा फलक परवडला नसता. ‘सैराट’ची मंडळी येऊन गेली, तसा शाहरुख खानही. मुलाखत म्हणून पाहिले तर मामला पातळच: साबळ्यांचे प्रश्न गुळगुळीत, अडचणीचा एकही नाही. चिमटे काढायचे काम प्रहसनाकडे असे. पाहुण्याच्या गाजलेल्या चित्रपटाचे विडंबन त्याच्यादेखत होई, भाऊ नायिका होऊन येत आणि नटाला हसण्यावाचून गत्यंतर नसे. पुरुषांनी साडी नेसून हशा मिळवण्याचा अतिरेक मात्र झाला. सागर कारंडे यांची ‘पुणेरी बाई’ त्यातल्या त्यात टिकाऊ, कारण तिथे साडीपेक्षा बोलण्यातला खोचकपणा हसवी.

कार्यक्रमाची खरी कमाई पोस्टमनची. हशा चालू असताना खाकी वेशातले कारंडे खांद्याला झोळी लावून येत, पत्र उघडत आणि संथपणे वाचू लागत. अरविंद जगताप यांची ही पत्रे कधी शेतकऱ्याची, कधी जवानाच्या घरची. वाचन संपेतो पाहुण्याने डोळे पुसलेले असत आणि जाहिरातीचा विषय मागे पडलेला असे. ही पत्रे पुढे ‘पत्रास कारण की’ या नावाने पुस्तकरूपात आली. विनोदी कार्यक्रमातला सर्वांत लक्षात राहिलेला मजकूर रडवणारा असावा, हे विनोदी लेखकांना फारसे रुचले नसावे.

पुढच्या वर्षांत ‘विश्व दौरा’, ‘होऊ दे व्हायरल’, ‘लेडीज जिंदाबाद’ अशी पर्वे आली. तोवर तेच वेश, त्याच लकबी फिरून येऊ लागल्या होत्या. एप्रिल २०२४ मध्ये साबळे कलर्स मराठीवर गेले. तिथल्या कार्यक्रमाला त्यांनी आपल्याच परवलीच्या वाक्याचे नाव दिले : ‘हसताय ना? हसायलाच पाहिजे!’ जुने नाव २०२५ मध्ये झी मराठीवर परतले, ते ‘कॉमेडीचं गँगवॉर’ म्हणून. सूत्रसंचालन अभिजीत खांडकेकर यांच्याकडे आले आणि रोख पाहुण्यांवरून नव्या विनोदवीरांच्या चुरशीकडे वळला.